कार्लॉफची सर्वोत्तम भूमिका कोणती?

नगरमध्ये जन्मलेल्या जगप्रसिद्ध माणसांची यादी करायला आपल्याला शाळेत कोणी सांगितले असते, तर तीत अ‍ॅना लिओनोवेन्स हे नाव नक्कीच आले नसते. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ही बाई. तिच्या आठवणींवरून पुढे कादंबरी झाली, 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक झाले, चित्रपट झाले. आपला जन्म वेल्समधला, असे ती सांगत असे. प्रत्यक्षात ती १८३१ साली आपल्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, कंपनीच्या फौजेतल्या एका सार्जंटच्या घरी जन्मली. तिची आजी बहुधा इथलीच, भारतीय असावी. लग्न झाले पुण्यात, १८४९च्या नाताळच्या दिवशी.

अ‍ॅनाला एलायझा नावाची बहीण होती. एलायझाच्या मुलीने सुरतेला एडवर्ड प्रॅट नावाच्या, मिठाच्या महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याशी लग्न केले. प्रॅटची आई भारतीय. हे लग्न अ‍ॅनाला इतके झोंबले की तिने बहिणीच्या घराशी संबंधच तोडले. स्वतः जे लपवले ते भाची उघडपणे घरात आणते आहे, हे तिला सोसले नसावे. या प्रॅट जोडप्याचे नववे आणि शेवटचे मूल म्हणजे विल्यम हेन्री प्रॅट; जन्म लंडन, २३ नोव्हेंबर १८८७. भयपटांच्या इतिहासात तो बोरिस कार्लॉफ या नावाने अमर आहे.

म्हणजे मित्रमैत्रिणींनो, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस हा आपल्या गावात जन्मलेल्या बाईच्या बहिणीचा नातू! संपादक मंडळाने मला खरे तर 'माहिती तंत्रज्ञान : काल, आज आणि उद्या' असा विषय सुचवला होता. त्या विषयावर दिवसभर ऑफिसात बोलणे होते. स्मरणिकेत तरी त्यातून सुटका हवी. शिवाय संमेलनाच्या तयारीच्या बैठकीत चहा गार होईपर्यंत आमच्यात जो वाद झाला, तो कार्लॉफवरूनच. डॉक्टर झालेला आमचा एक वर्गमित्र म्हणाला, "तो कसला नट? तो मेकअप होता." बँकेत असलेली मैत्रीण 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन'च्या बाजूने भांडली. मी तिसऱ्याच चित्रपटाचे नाव घेतले. तो वाद इथे नीट, पुराव्यांसह मांडते.

आधी माणसाची थोडी ओळख. भावांपैकी काही जण साम्राज्याच्या नोकरीत गेले. सर जॉन प्रॅट हा भाऊ चीनमधल्या वकिलातीत मोठ्या पदाला चढला. धाकट्यानेही तेच करावे अशी अपेक्षा होती. तो १९०९ साली कॅनडाला निघून गेला. तिथे मिळेल ती मजुरी केली आणि गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीत शिरला. नाव बदलले. सावळ्या वर्णामुळे आणि या परदेशी वाटणाऱ्या नावामुळे हॉलिवूडने त्याला मूकपटांत अरब, हिंदू, मेक्सिकन, जो कोणी 'परका' लागेल तो करायला लावले. असे सत्तरएक चित्रपट झाले, तरी त्याला कोणी ओळखत नव्हते. मधल्या काळात तो ट्रकवर माल चढवत-उतरवत होता. 'द क्रिमिनल कोड'मध्ये त्याने एक थंड डोक्याचा कैदी रंगवला आणि थोडे लक्ष वेधले. त्यानंतर युनिव्हर्सल स्टुडिओच्या खाणावळीत दिग्दर्शक जेम्स व्हेलने त्याला आपल्या टेबलाशी बोलावले. तेव्हा कार्लॉफ त्रेचाळीस वर्षांचा होता. आपल्या वयाचा, म्हणजे नव्याने काही सुरू करायचे वय गेले असे आपण ज्या वयात एकमेकांना सांगतो, त्या वयाचा.

आता डॉक्टरांच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो सर्वांत जुना आहे आणि त्यात तथ्य अजिबात नाही असेही नाही. 'फ्रँकेनस्टाइन' (१९३१) मधला तो चेहरा, सपाट माथा, मानेतले खिळे, कपाळावरची शिवण, हे जॅक पीअर्स या रंगभूषाकाराचे काम. रोज सुमारे चार तास लागत. प्रकाशयोजना आणि कॅमेरा व्हेलच्या डोक्यातून आलेले. राक्षस पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो पाठमोरा दारातून आत येतो, सावकाश वळतो, आणि मग तीन झटक्यांत कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर येतो. यात नटापेक्षा संकलकाचा हात मोठा, हे कबूल. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नुसते प्रश्नचिन्ह होते. पहिल्या खेळाचे निमंत्रणही कार्लॉफला नव्हते. स्टुडिओच्या लेखीसुद्धा तो सामानाचा एक नग होता.

मग त्यातला नटाचा वाटा वेगळा काढायचा कसा? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची अशा वेळी एक साधी पद्धत असते. बाकी सगळे तसेच ठेवायचे, एकच भाग बदलायचा आणि काय होते ते बघायचे. गंमत म्हणजे हा प्रयोग युनिव्हर्सलने स्वतःच करून ठेवला आहे. तोच राक्षस, तोच स्टुडिओ, रंगभूषेला तोच पीअर्स, फक्त नट वेगळे. १९४२ साली लॉन चेनी ज्युनियर, १९४३ साली बेला लुगोसी, १९४४ आणि १९४५ साली ग्लेन स्ट्रेंज. चेनीचा राक्षस म्हणजे दार फोडणारा पहिलवान. स्ट्रेंज दिसायला उत्तम, पण बहुतेक वेळ टेबलावर आडवा. लुगोसीवर मात्र अन्याय झाला. त्याचा राक्षस आंधळा झालेला होता आणि बोलत होता. ऐनवेळी संवाद कापले, आंधळेपणाचा उल्लेखही गेला, आणि मग पडद्यावर उरला हात पुढे करून चाचपडत चालणारा एक माणूस, का चाचपडतोय हे कोणालाच कळेना. आपल्या स्नेहसंमेलनांत वेशभूषा स्पर्धेला दरवर्षी कोणी ना कोणी दोन्ही हात समोर ताठ धरून 'भूत' व्हायचे, आठवते? ती चाल कार्लॉफची नाही. ती लुगोसीच्या कापलेल्या संवादांची आहे.

कार्लॉफचे हात वेगळेच काही करतात. छतावरची झडप उघडते, वरून उजेडाचा झोत पडतो. राक्षसाने उजेड यापूर्वी पाहिलेला नाही. तो मान वर करतो, उठतो, दोन्ही हात वर नेतो, जणू तो उजेड हातात धरता येईल. झडप बंद होते. हात तसेच राहतात. मग तळवे उघडे ठेवून तो आपल्या निर्मात्याकडे वळतो. संवाद एकही नाही. पापण्यांवर मेणाचा थर, तोही कार्लॉफच्याच सूचनेवरून, डोळ्यांत समज दिसू नये म्हणून. एका बाजूचे कृत्रिम दात काढून ठेवलेले, गाल खोल दिसावा म्हणून. म्हणजे अभिनयाची जी नेहमीची हत्यारे, डोळे, आवाज, चेहरा, ती त्याने स्वतःच बाजूला ठेवली आणि मनगटांवर काम केले. हे जर मेकअपचे यश असेल तर चेनीच्या मनगटांना काय झाले होते, हा माझा डॉक्टरांना प्रश्न आहे.

याच चित्रपटाच्या बाबतीत इतिहासाने आणखी एक घोळ घातला. तळ्याकाठी मारिया नावाची लहान मुलगी राक्षसाला घाबरत नाही. त्याच्याबरोबर फुले पाण्यात सोडते. फुले तरंगतात. राक्षस हसतो, अख्ख्या चित्रपटात तो आनंदी असा इथेच. फुले संपतात, आणि मुलगीही तरंगेल म्हणून तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडते. तो भांबावतो, पाण्यात हात घालून पाहतो, धडपडत पळतो. मुलीला असे फेकणे कार्लॉफला पसंत नव्हते. व्हेलने ऐकले नाही. सेन्सॉरने अनेक ठिकाणी हे कापले आणि पुढे पुनःप्रदर्शनाच्या वेळी मूळ प्रतीतूनच ते गेले. राहिले एवढेच : राक्षस मुलीकडे हात नेतो, आणि थोड्या वेळाने बाप तिचे कलेवर घेऊन गावात येतो. मधल्या जागेत प्रेक्षकांनी काय काय कल्पिले असेल ते तुम्हीच पाहा. मुलांना जपायला म्हणून कात्री लावली आणि तिने एका अजाण जिवाला नराधम करून ठेवले. तो तुकडा १९८०च्या दशकात परत जोडला गेला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे लोक या भूमिकेवर मत देत होते, ते तिचा कणा काढून टाकलेल्या प्रतीवर. त्या काळातले 'फक्त भीतीदायक' असे शेरे वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' (१९३५) चे पक्षकार म्हणतात, राक्षसाला खरा आत्मा इथे मिळाला. आंधळ्या एकांतवासी म्हाताऱ्याच्या झोपडीचा प्रसंग त्यांचा हुकमाचा एक्का. म्हाताऱ्याला दिसत नाही, म्हणून राक्षस त्याच्यासाठी फक्त एक थकलेला पाहुणा आहे. तो त्याला भाकर देतो, वाइन देतो, दोन-चार शब्द शिकवतो, आणि आपल्या एकटेपणाला सोबत मिळाली म्हणून देवाचे आभार मानतो. राक्षसाच्या गालावरून अश्रू ओघळतो. पुढे 'यंग फ्रँकेनस्टाइन'मध्ये या प्रसंगाची इतकी टर उडवली गेली की आता मूळ प्रसंग बघताना हसू आवरावे लागते, आणि तरीही तो उतरतो. आमच्या मैत्रिणीचे म्हणणे असे की गंमत आणि करुणा एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी टिकवणे हे नुसत्या करुणेपेक्षा अवघड आहे. या मुद्द्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही.

पण खुद्द कार्लॉफ तिच्या विरुद्ध बाजूला होता. राक्षसाने बोलू नये असे त्याचे ठाम मत होते. बोलायला लावणे ही चूक, असे तो पुढेही म्हणत राहिला. बोलायचे म्हणजे दात तोंडात हवेत, त्यामुळे गालाचा तो खळगाही गेला. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर चेहरा भरलेला लक्षात येतो. माझे मत विचाराल तर या बाबतीत नट चुकला आणि दिग्दर्शक बरोबर होता. शब्द अगदी थोडे आहेत, आणि कार्लॉफ ते जिभेवर जड वस्तू ठेवल्यासारखे उच्चारतो. शेवटी वधूही त्याला पाहून किंचाळते, तेव्हा तो आपल्यासारख्यांची जागा मेलेल्यांतच आहे असे म्हणून सगळे उडवून देतो. ते वाक्य मुका राक्षस कसे म्हणणार होता?

तिसऱ्यांदा, 'सन ऑफ फ्रँकेनस्टाइन'मध्ये (१९३९), तो पुन्हा राक्षस झाला. त्यात लुगोसीचा मोडक्या मानेचा इगोर भाव खाऊन जातो. मित्राचे प्रेत सापडल्यावर राक्षस जो हंबरडा फोडतो तेवढा एक क्षण कार्लॉफचा. आता या पात्राचे नुसते सामान होणार हे त्याने ओळखले आणि पडद्यावरचा राक्षस कायमचा सोडला. पैसे मिळत असताना हे ओळखणे सोपे नसते.

'द ममी' (१९३२) ला कधीकधी उगाच पहिला क्रमांक दिला जातो. पट्ट्या गुंडाळलेला कार्लॉफ त्यात जेमतेम काही क्षण आहे. डोळ्याची एक फट उघडते, एक हात सरकतो, जमिनीवरून पट्टीचे टोक ओढत जाते, बस्स. उरलेला चित्रपटभर तो सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, ताठ उभा राहणारा, कोणी स्पर्श केलेला न खपणारा गृहस्थ आहे. त्या स्थिरतेला माझा सलाम आहे. पण ती भूमिका एकाच सुरात आहे. त्याच साली त्याने 'द मास्क ऑफ फू मांचू' केला. ज्याचा सख्खा भाऊ चीनमध्ये राजनैतिक अधिकारी आणि ज्याची आजी भारतात वाढलेली, तो माणूस डोळे ताणून गोऱ्यांचा काळ असा चिनी खलनायक झाला. त्याने ते मजेत केले असे दिसते. मला ते बघवत नाही. लुगोसीबरोबरचा 'द ब्लॅक कॅट' (१९३४) देखणा आहे, जरूर पाहा. तिथे वास्तुरचना अभिनयापेक्षा जास्त लक्षात राहते.

वादाच्या ओघात एक गोष्ट सुटते, म्हणून इथे घालते. पहिल्या 'फ्रँकेनस्टाइन'च्या चित्रीकरणात, ते जड बूट आणि जाड कपडे अंगावर असताना, कॉलिन क्लाइव्हला खांद्यावर टाकून टेकडी चढण्याचा प्रसंग कार्लॉफकडून पुन्हा पुन्हा करून घेतला गेला. पहाटे मेकअपला बसायचे आणि रात्र उलटून गेल्यावर सुटायचे, असेही दिवस झाले. पाठीचे दुखणे तिथून लागले ते मरेपर्यंत. मार्च १९३३मध्ये स्टुडिओंनी मंदीचे कारण सांगून पगार निम्म्याने कापले. त्याच वर्षी नटांची संघटना, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड, उभी राहिली आणि तिच्या संस्थापक सभासदांत कार्लॉफ होता. स्टुडिओचा रोष ओढवून घेणे तेव्हा परवडणारे नव्हते, आणि हा माणूस तर दोनच वर्षांपूर्वी नावारूपाला आलेला. कामाचे तास ठरलेले असावेत, दोन दिवसांच्या कामांमध्ये विश्रांती मिळावी, या मागण्यांमागे त्या टेकडीवरचा अनुभव होता. आमच्या क्षेत्रात रात्री-अपरात्री राबणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

रंगभूमीवरचे त्याचे काम वादात धरावे की नाही, हा एक तांत्रिक प्रश्न. 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हे नाटक जानेवारी १९४१मध्ये ब्रॉडवेवर आले. त्यातल्या खुनी भावाचा चेहरा शस्त्रक्रियेनंतर बोरिस कार्लॉफसारखा झाला आहे असा विनोद आहे, आणि तो म्हणणारा-ऐकणारा खुद्द कार्लॉफ! नाटक इतके चालले की चित्रपट करताना निर्मात्यांनी त्याला सोडलेच नाही. पडद्यावर ती भूमिका रेमंड मॅसीने केली. पुढे 'द लार्क'मध्ये (१९५५) जोन ऑफ आर्कचा न्याय करणारा बिशप कोशाँ त्याने केला आणि टोनी पुरस्काराचे नामांकन मिळवले. ज्यांनी पाहिले ते भाग्यवान. आपल्याला त्यावर मत देता येत नाही.

आता माझा उमेदवार : 'द बॉडी स्नॅचर', १९४५, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, निर्माता व्हॅल ल्यूटन.

कथा स्टीव्हन्सनची, पण तिच्यामागे खरा इतिहास आहे. एडिंबरा हे तेव्हा वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र. शरीररचना शिकायला प्रेते लागत, आणि कायद्याने मिळत ती जवळजवळ फक्त फाशी गेलेल्या खुन्यांची. ती पुरेनात. म्हणून ताज्या कबरी उकरून प्रेते विकण्याचा धंदा चालू झाला. १८२८ साली बर्क आणि हेअर या जोडगोळीने कबर खणण्याचे कष्टही वाचवले. त्यांनी सोळा माणसे मारली आणि प्रेते डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला विकली. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली आणि त्याच्याच देहाचे जाहीर विच्छेदन केले गेले; त्याचा सांगाडा एडिंबरा विद्यापीठात आजही आहे. नॉक्सवर खटला चालला नाही. १८३२ साली कायदा बदलला आणि बेवारस गरिबांची प्रेते वैद्यकीय शाळांना मिळू लागली.

चित्रपट घडतो १८३१मध्ये. कार्लॉफ आहे जॉन ग्रे, घोडागाडीवाला. दिवसा प्रवासी नेतो, रात्री डॉ. मॅकफार्लेनला प्रेते पुरवतो. अनेक वर्षांपूर्वी डॉक्टरांवरचा आळ ग्रेने स्वतःवर घेतलेला आहे, आणि आता तो ते देणे थोडे थोडे वसूल करतो आहे. पैशांत नाही. भर खाणावळीत, लोकांसमोर, एवढ्या मोठ्या शल्यविशारदाला जुन्या टोपणनावाने हाक मारायची, शेजारी बसवायचे, आणि डॉक्टर मुकाट्याने बसतो हे बघत राहायचे. आपण क्षुद्र माणूस आहोत, गरीब आहोत, पण हा मोठा माणूस आपल्या शिटीसरशी उडी मारतो, यावर आपली सगळी प्रतिष्ठा उभी आहे, हे ग्रे एका प्रसंगात सांगतो. तेव्हा कार्लॉफ आवाज चढवत नाही. त्याच्या 'स' मध्ये मुळातच किंचित बोबडेपणा होता. ती मऊ, आर्जवी बोली तो इथे सुरीसारखी वापरतो.

भूमिकेची सुरुवात मात्र कशी आहे पाहा. चालता न येणाऱ्या एका लहान मुलीला तो गाडीतून अलगद उचलून घेतो आणि आपल्या पांढऱ्या घोड्याची ओळख करून देतो. हे नाटक नाही. ग्रे त्या क्षणी खरोखर मायाळू आहे. नंतर कबरीची राखण करणाऱ्या कुत्र्याला तो तितक्याच सहजतेने मारतो. पुढे रस्त्यावर गाणे म्हणत पैसे मागणारी एक मुलगी कमानीखालच्या अंधारात शिरते, मागून ग्रेची गाडी हळूहळू शिरते, गाणे ऐकू येत राहते, आणि मध्येच तुटते. कॅमेरा जागचा हलत नाही. आपल्याला दिसते ती फक्त अंधारी कमान. कार्लॉफ त्या क्षणी पडद्यावर नाही, तरी तो प्रसंग त्याच्या बळावर उभा आहे, कारण त्या हातांची माया आपण आधी पाहिलेली आहे.

लुगोसीबरोबरचा प्रसंगही याच चित्रपटात. दोघांचा एकत्र असा हा शेवटचा चित्रपट. लुगोसी मॅकफार्लेनचा नोकर आहे, ग्रेला ब्लॅकमेल करायला आलेला. ग्रे त्याला दारू पाजतो, बर्क आणि हेअरची गोष्ट रंगवून सांगतो, ते कसे मारत हे दाखवतो म्हणतो, आणि नाकातोंडावर हात ठेवून खरेच दाखवतो. ज्या दोन नावांवर युनिव्हर्सलने चौदा वर्षे धंदा केला, त्यांतले एक नाव दुसऱ्याच्या तळहाताखाली शांत होते. मांजर बघत राहते.

हे काम त्याने कोणत्या स्थितीत केले तेही सांगायला हवे. १९४४मध्ये ल्यूटनकडेच 'आइल ऑफ द डेड'चे चित्रीकरण चालू असताना पाठ इतकी गेली की काम थांबवून शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून उठल्यावर आधी 'बॉडी स्नॅचर' पुरा केला, मग अर्धवट राहिलेला चित्रपट. ग्रेच्या चालीत, गाडीवरून उतरण्यात, एक आखडलेपण आहे ते थोडे फार खरे आहे. ल्यूटनने आपल्याला साचेबंद भुताखेतांतून बाहेर काढले, अशी कृतज्ञता कार्लॉफ आयुष्यभर बोलून दाखवत असे.

चेहऱ्यावर मुखवटा नाही, लपायला मेकअप नाही, संवाद भरपूर. डॉक्टरांचा आक्षेप इथे उभाच राहू शकत नाही. (तशी या चित्रपटात वैद्यकीय व्यवसायाची शोभा फार झालेली नाही, म्हणून आमचे डॉक्टर त्याबद्दल गप्प बसत असावेत.) आणि 'ब्राइड'च्या बाजूने जे म्हटले जाते, की दोन परस्परविरोधी भाव एकाच चेहऱ्यावर, तेही इथे आहे, व्हेलच्या प्रकाशाचा आधार न घेता.

माझ्या मताला धक्का देणारा एकच चित्रपट आहे, 'टार्गेट्स' (१९६८). निर्माता रॉजर कॉर्मन. त्याच्या करारानुसार कार्लॉफचे दोन दिवसांचे काम बाकी होते. त्याने ते दोन दिवस पीटर बोगदानोविच या नवख्या मुलाला देऊन टाकले : यात काहीतरी बनव. मुलाने लिहिले ते असे. बायरन ऑर्लॉक नावाचा म्हातारा भयपट-नट निवृत्ती जाहीर करतो, कारण रोजच्या वर्तमानपत्रातल्या बातम्यांपुढे आपली भीती कोणाला वाटणार? दुसरीकडे एक नीटनेटका, गोरागोमटा तरुण घरच्यांना मारतो आणि बंदूक घेऊन अनोळखी लोकांवर नेम धरायला निघतो. १९६६ साली टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराची ही सावली. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या होत्या.

कार्लॉफ ऐंशीचा होता. पायांना आधाराच्या पट्ट्या, फुप्फुसांची ताकद जवळजवळ संपलेली. ठरलेल्या दोन दिवसांहून जास्त दिवस तो आला. एका प्रसंगात ऑर्लॉक एक जुनी गोष्ट सांगतो : बगदादच्या बाजारात मृत्यूला पाहून नोकर समाराला पळतो, आणि मृत्यू मालकाला म्हणतो, मला तर याचेच आश्चर्य वाटले, कारण आज रात्री माझी त्याची भेट समारात ठरलेली आहे. कॅमेरा सावकाश चेहऱ्याजवळ येत जातो, मध्ये एकही तुकडा नाही. पहिल्याच टेकला ते झाले आणि चित्रीकरण करणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी उघड्यावरच्या चित्रपटगृहात पडद्यामागे लपून तो तरुण गाड्यांतल्या प्रेक्षकांवर गोळ्या झाडतो. पडद्यावर ऑर्लॉक चालत येतो आहे आणि पडद्याखाली खराखुरा ऑर्लॉक, काठी टेकत. दोन्हीकडे बघून त्या मुलाचा गोंधळ उडतो. म्हातारा काठीने बंदूक उडवतो आणि त्याला थोबाडीत मारतो. मुलगा कोपऱ्यात अंग चोरून रडतो. आपण भ्यायलो होतो ते याला होय, असे म्हाताऱ्याच्या तोंडून निघते.

यावर मैत्रीण म्हणाली, "मग हीच सर्वोत्तम, मिटला वाद." मी नाही म्हटले. इथे आपण ऑर्लॉकला बघता बघता कार्लॉफचे सगळे आयुष्य त्यात ओततो; प्रेक्षक म्हणून आपण अर्धे काम करतो. कार्लॉफ कोण हे ठाऊक नसलेल्या माणसाला 'टार्गेट्स' दाखवला तर तो चित्रपट अर्धा होईल. जॉन ग्रेला अशा कोणत्याही माहितीची गरज नाही. डॉक्टरांनी यावर आवाज चढवला, आणि तेवढ्यात जेवणाच्या कंत्राटदाराचा फोन आला. कार्लॉफ २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडात वारला. संमेलनाच्या आदल्या रात्री 'बॉडी स्नॅचर' दाखवायची सोय मी करते आहे, सव्वा तासाचा आहे. ज्यांना यायचे त्यांनी खाणे घरून आणावे.